व्याह्यांच्या अकरा कुंड्या

रविवार, ७ ऑक्टोबर १९५६

आजची सुट्टी स्टेशनावर गेली. नागपूरहून पॅसेंजरने अकरा कुंड्या आल्या. बंडीवाल्याने त्या खालून-वरून पाहिल्या आणि विचारलं, "मास्तर, ना फळ ना फूल, हे कायले मंगवलं?" मी उत्तर दिलं नाही. सव्वीस वर्षं भूगोल शिकवतो आहे, प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत बसलो असतो तर कधीच संपलो असतो.

कुंड्या व्याह्यांच्या आहेत. आमची सुधा त्यांच्या दिलीपला दिली आहे, लग्न मार्गशीर्षात. व्याही पुंडलिकराव नागपूरच्या सचिवालयात सुपरिंटेंडेंट. त्यांचं मूळ गाव मुलताईकडचं, म्हणून राज्यांच्या नव्या वाटणीत त्यांचं नाव भोपाळच्या यादीत लागलं. तिथे क्वार्टर मिळेपर्यंत एका बराकीत चौघांनी राहायचं आहे. झाडं कुठे ठेवणार? ती दिलीपच्या स्वर्गवासी आईने हाताने वाढवलेली. पत्रात लिहितात, "लग्नापर्यंत आपण सांभाळावीत. मग सुधाबरोबरच ती आमच्या घरी येऊ देत."

चार क्रोटन, तीन बिगोनिया, दोन फर्न, एक पाम, एक कोलियस. ओसरीवर ओळीने मांडली. सारवण खराब होऊ नये म्हणून आमच्या हिने प्रत्येकीखाली जुनी परात नाहीतर थाळी ठेवली. छान दिसतात. पण छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटतं आहे.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

घरात शिस्त लावली. थोरली बहीण देवकाबाई विधवा झाल्यापासून आमच्याकडेच असते. ती तुळशीला आणि नवरात्रातल्या घटाला पाणी घालते, तेव्हाच या अकरांनाही एकेक तांब्या घालते. मला सांगावं लागलं नाही. हीसुद्धा लक्ष ठेवून आहे. मी स्वतः शाळेतून आलो की टोपी काढण्याआधी एकदा कुंड्यांकडे जातो आणि एक फेरी पाणी देतो. परक्याची ठेव आहे, हयगय नको.

फक्त सुधाला काही पडलेली नाही. जिच्या सासरची झाडं, ती सोडून घरातले सगळे राबतात. बोललो तर म्हणाली, "बाबा, त्यांना पाहून तर राहिली आहे मी." पाहून काय होतं?

मंगळवार, १६ ऑक्टोबर

बिगोनियाची तीन पानं पिवळी. फर्नच्या टोकांना तपकिरी रंग. शाळेच्या कपाटातून शेतीखात्याचं जुनं इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात पिवळ्या पानाची नऊ कारणं दिली आहेत. नऊ! डॉक्टरने असं सांगितलं तर रोगी उठून घरी जाईल.

संध्याकाळी क्रोटनने माना टाकल्या होत्या. म्हणजे तहान. दोन तांबे जास्त दिले.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

रोग सापडला. क्रोटनच्या पानामागे, देठाच्या बेचक्यात, कापसाच्या पेळूतून सुटल्यासारखं पांढरं काहीतरी. पुस्तकात चित्र आहे: पिठ्या ढेकूण. जीव भांड्यात पडला. शत्रू कोण ते कळलं की माणसाला निम्मं काम झाल्यासारखं वाटतं.

तंबाखूचा काढा केला, त्यात साबणाचा चुरा. बादलीभर झाला. फडक्याने एकेक पान पुसलं आणि उरलेला काढा वाया कशाला म्हणून बुडाशी ओतला. ओसरीवर असा वास सुटला की देवकाबाईने देव्हाऱ्याला पडदा लावला.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

ढेकूण गेले, पण पानं गळतातच आहेत. शिवाय आता काळे डाग, भोवती पिवळी कडा. पुस्तकाप्रमाणे ही बुरशी. मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण करून फवारलं. पिचकारी होळीची होती. माझं एक धोतर कायमचं निळं झालं. मातीवर बारीक चिलटं उडतात ती कशाची, ते पुस्तकात नाही.

वर्गात आज एकाने विचारलं की पहिल्या तारखेपासून आपली राजधानी कोणती. नकाशा भिंतीवर जुनाच आहे. त्यात नागपूरभोवती लाल गोल आहे. मी म्हटलं, भोपाळ. तो म्हणाला, "सर, नकाशात तर नाई." आता सरकार माझ्या नकाशाला विचारून राज्यं कापणार होतं का? खाली बस म्हटलं.

खरं तर नागपूर इथून इतकं जवळ की लोक कापड घ्यायला जाऊन संध्याकाळी परत येतात. ते परक्या राज्यात, आणि पोरगी जाणार भोपाळला, सातपुड्याच्या पार, जिथे आमच्यापैकी कुणी पाऊल ठेवलेलं नाही.

शनिवार, २७ ऑक्टोबर

गावात बातमी फुटली की मास्तरांकडे व्याह्यांची झाडं आजारी आहेत. आज सात जण पाहायला आले, जसं दवाखान्यात पाहायला येतात. प्रत्येकाचं निदान वेगळं. एकाने राख घाला सांगितलं, दुसऱ्याने राख अजिबात नको. एका बाईने दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. येणाऱ्याला प्यायला पाणी द्यावंच लागतं, आणि गडव्यात उरलेलं ज्याने त्याने जाता जाता कुंडीत ओतलं. लोक प्रेमळ आहेत, नाही म्हणता येत नाही.

एक क्रोटन अगदी संपलं. नुसती काडी उरली. ते सुधाने उचललं आणि मागच्या भिंतीवर नेऊन ठेवलं. विचारलं तर म्हणे, "तिथे कुणी जात नाही." मी चिडलो. मेलेलं लपवून काय होणार? पुंडलिकराव मोजणार नाहीत का?

गुरुवार, १ नोव्हेंबर

नवं राज्य झालं. शाळेत झेंडावंदन, हेडमास्तरांचं हिंदीत भाषण, बुंदीचे लाडू. घरी आलो तर दोन्ही फर्न गेलेले. धरून ओढले तर मुळासकट हातात आले.

पुंडलिकरावांचं कार्ड आहे. बराकीत थंडी आहे, जेवण बरं नाही, आणि शेवटी, "झाडं खुशाल असतीलच." या "असतीलच"ने माझं जेवण गेलं.

मंगळवार, ६ नोव्हेंबर

दिवाळी अशी पहिल्यांदाच गेली. फराळाला बसलो की नजर ओसरीवर. तिन्ही बिगोनिया देठापासून मऊ पडून आडव्या झाल्या. कोलियस काळं पडलं. अकरातली सहा गेली, भिंतीवरची काडी धरली तर सात.

परवा भाऊबीज झाल्यावर देवकाबाई हळूच बोलली. तिच्या ओळखीत कुठेतरी सोयरीक ठरल्यावर नवऱ्याकडची गाय मुलीच्या दारात मेली, आणि त्यांनी नारळ परत पाठवला. मी म्हटलं, ही गाय नाही. ती म्हणाली, "गाय तरी परवडली असती. मेलेल्या बाईच्या हातची झाडं होत हे."

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. व्याही सोयरीक मोडणार नाहीत, सभ्य माणूस आहे. पण मनात धरतील. आणि सुधा जन्मभर त्या घरात, सासूची झाडं मारणाऱ्यांची मुलगी म्हणून वावरेल. या विचाराने इतका संताप आला की तिच्यावरच ओरडलो. तुला एक तांब्या पाणी जड झालं म्हटलं. ती रडली नाही. म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळे मिळून काय करून राहिले ते एकदा ओसरीवर बसून पाहा." उद्धटपणा कुठून शिकली कोण जाणे.

रविवार, ११ नोव्हेंबर

काल मोटारीने सौंसर, तिथून लोधीखेड्याला गेलो. रामाजी म्हणून संत्र्याची कलमं बांधणारे म्हातारे आहेत, सत्तरीचे असतील. हात जोडले. म्हणाले, कुंडीतल्या झाडाचं आपल्याला काही समजत नाही, पण मूळ सगळ्यांना सारखंच असतं. आज सकाळी आले.

पुस्तक दाखवायला काढलं, त्यांनी पाहिलंही नाही. झाडांची पानंही पाहिली नाहीत. ओसरीवर उकिडवे बसले, मेलेल्या बिगोनियाची कुंडी उचलली, कडेला दोनदा थोपटली आणि मातीचा सगळा गोळा तळहातावर उपडा केला. मुळं काळी, बोटाने दाबली तर साल निसटली. नाल्याकाठच्या चिखलाचा वास आला. मग त्यांनी खालची परात तिरपी केली. तिच्यात बोटभर पाणी होतं.

"किती जन पानी देऊन राह्यले याहिले?"

मी म्हटलं, मी देतो, संध्याकाळी. देवकाबाई आतून म्हणाली, सकाळी ती देते. मग ही बाहेर आली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "मी तर तांदळाचं धुवणच टाकत होती, दुपारी." मला हे माहीत नव्हतं. शाळेचा शिपाई चिंधू चाव्या द्यायला आला होता, तो दाराशीच उभा होता. तोही म्हणाला की मास्तर दमून येतात म्हणून आपण रोज पाचला, त्यांच्या आधी, एक बादली फिरवून ठेवतो.

रामाजी देवकाबाईकडे वळले. तिने पदर डोक्यावर ओढला आणि ठणकावून सांगितलं, "व्याह्याच्या घरची मंडळी दारात येऊन बसली, अन् त्याहिले पानी नाई विचारायचं? असं कोनत्या घरात होते?"

"रोग नाई हा, मास्तर," रामाजी म्हणाले. "पाहुनचार होय. संत्र्याले बी असंच होते. बुंध्यापाशी पानी साचलं का डिंक्या धरते, सालीतून डिंक गळते, अन् मानूस वरून पानं पुसत बसते."

डाग, चिलटं, पिवळेपणा सगळं त्यातूनच. ढेकूण तेवढे खरे होते, पण तेही अशक्त झाडावरच चढतात म्हणे. मी महिनाभर वरून औषध करत होतो आणि खालून बुडवत होतो. शाळेत एखाद्या पोराने असं केलं असतं तर बाकावर उभा केला असता.

इलाज विचारला. म्हणाले, ताण द्या. बहर धरायच्या आधी बगीच्याचं पाणी तोडतात ना, तसं. कुजकी मुळं कापली, कोरड्या वाळूत झाडं नव्याने बसवली, पराती काढायला लावल्या. वरची माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडी लागल्याशिवाय थेंब नको. आणि हे काम घरात एकाच माणसाकडे असावं.

"माझ्याकडे," सुधा म्हणाली. मग मागे गेली आणि भिंतीवरची ती काडी घेऊन आली. काडीला तीन पानं फुटली होती, लाल, चकचकीत. तिने पंधरा दिवसांत तिला दोनदाच पाणी दिलं होतं.

रामाजींनी कुंडी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि मला म्हणाले, "मंग मले कायले बोलावलं?"

शनिवार, १७ नोव्हेंबर

ताण देणं म्हणजे काही न करणं. यापेक्षा कठीण काम मी आयुष्यात केलेलं नाही. घरी आलो की हात आपोआप तांब्याकडे जातो. सुधा ओसरीवर पुस्तक घेऊन बसलेली असते, राखणदारासारखी. काल देवकाबाईने तुळशीला घालता घालता थोडं पाणी पामकडे सांडवलं. सुधाने पाहिलं. दोघींचं दुपारपर्यंत बोलणं नव्हतं.

आणखी एक क्रोटन गेलं. उरली चार.

रविवार, २५ नोव्हेंबर

पुंडलिकराव आले. नागपूरला उरलेलं सामान आवरायला निघाले होते, मध्ये उतरले. मी आठवडाभर वाक्यं जुळवून ठेवली होती. ऐन वेळी एकही आठवलं नाही. त्यांनी पादत्राणं काढली, ओसरीकडे पाहिलं आणि तिथेच थांबले. अकराच्या जागी चार.

मी सगळं सांगून टाकलं. काढा, मोरचूद, तांदळाचं धुवण, सगळं. दोष माझा, मुलीचा नाही, हे तीनदा सांगितलं.

तेवढ्यात सुधा बाहेर आली. त्यांना वाकून नमस्कार केला, आणि सवयीने जाता जाता पामच्या मातीत बोट खुपसलं, काढून पाहिलं, अंगठ्यावर घासलं आणि पाणी न देताच आत निघाली. पुंडलिकरावांनी तिला हाक मारली. हे कुणी शिकवलं विचारलं. ती म्हणाली, कुणी नाही, माती गार लागली की दुसऱ्या दिवशी पानं पडतात असं दिसलं.

ते खाली पायरीवर बसले. चष्मा काढून उपरण्याने पुसला.

"दिलीपची आई असंच बोट घालायची," ते म्हणाले. "अन् मला तर कुंडीच्या जवळ येऊ द्यायची नाही. म्हणे, तुम्ही लाडानं माराल."

मग त्यांनीच पुढे सांगितलं. ती गेल्यावर दीड वर्ष त्यांनी मोलकरणीकडून पाणी घालून घेतलं होतं, स्वतः हात लावला नव्हता. जाताना ते सुधाच्या डोक्यावर हात ठेवून गेले. म्हणाले, चार पुष्कळ झाली.

गाडी सुटल्यावर स्टेशनातून परत येताना मला राग आला. त्यांची बायको जे म्हणायची ते त्यांनी पहिल्याच पत्रात लिहायला नको होतं? खाली रेघ ओढून?

शुक्रवार, १४ डिसेंबर

काल लग्न झालं. आज सकाळच्या गाडीने सुधा गेली. तीन कुंड्या बरोबर नेल्या, खोक्यात गवत भरून. भिंतीवरचं क्रोटन तिने ठेवून दिलं. म्हणाली, "हे तुमच्यापाशी राहू द्या बाबा. पण बोट घालून पाहाल."

डब्यात कुंड्या नीट बसल्या की नाही तेच पाहत राहिलो, आणि गाडी हलली. तिच्याकडे नीट पाहायचं राहून गेलं. आज अधिक लिहवत नाही.

सोमवार, ७ जानेवारी १९५७

घर खायला उठतं. मी रोज एक कार्ड टाकतो. ही वेगळं लिहिते. देवकाबाई सांगते तसं चिंधूच्या हस्ताक्षरात तिसरं जातं. भोपाळकडे जाणारं कुणी भेटलं की संत्र्यांची टोपली. सुधाची उत्तरं दोन ओळींची येतात: पोहोचलं, बरी आहे, काळजी नसावी. एवढंच? मॅट्रिकला निबंधात पहिली आलेली मुलगी.

रविवार, १३ जानेवारी

आज जरा मोठं पत्र आलं. वाचून फार लागलं.

लिहिते: "काल एकाच दिवशी आपल्या घरची पाच पत्रं आली. रोजच्या पत्राला रोज उत्तर द्यायचं म्हणून इथलं काही पाहायचं राहतं. मामंजी चांगले आहेत, हे चांगले आहेत, पण टपालवाला दिसला की घरात सगळे हसतात आणि मला आत जाऊन रडू येतं. दहा दिवस कुणी लिहू नका. मी लिहीन."

दोघींना वाचून दाखवलं. ही चुलीकडे निघून गेली. देवकाबाई म्हणाली, पोरगी बदलली. मलाही तसंच वाटलं. पोटच्या पोरीला पत्र लिहायचीही आता परवानगी लागते.

गुरुवार, १७ जानेवारी

क्रोटनमध्ये बोट घातलं. ओलं. पाणी दिलं नाही.

कार्ड लिहिलं. खणात ठेवलं.

सोमवार, २१ जानेवारी

खणात चार कार्डं झाली. ही दोनदा विचारून गेली, टाकलं का. नाही म्हटलं. देवकाबाई माझ्याशी बोलत नाही. क्रोटनची माती अजून गार आहे. पानं मात्र ताठ.

मंगळवार, २२ जानेवारी

नववा दिवस. दुपारी सुधाचं पत्र आलं. आमच्यापैकी कुणी काही विचारलेलं नसताना. चार पानी, दोन्ही बाजूंनी, समासातसुद्धा लिहिलेलं. भाड्याची खोली सुटली, क्वार्टर मिळालं. खिडकीतून तलावाचा एक तुकडा दिसतो. पामला नवा कोंब आला. तिथल्या भाजीवाल्याचं हिंदी, तिचं हिंदी, दोघांची फजिती. मामंजींनी कुंडीपाशी जायची परवानगी मागितली, तिने दिली नाही. शेवटच्या पानावर, तिरप्या अक्षरात, की संध्याकाळी माझी शाळेतून यायची वेळ झाली की अजून टोपी काढल्याचा आवाज ऐकू येईल असं वाटतं.

तीनदा वाचलं. मोठ्याने वाचताना शेवटचं पान हिच्याकडे दिलं, मला जमलं नाही.

क्रोटनची माती आज वरून कोरडी लागली. अर्धा तांब्या दिला. देवकाबाई दौत-टाक घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवून उभी राहिली. आत्ताच उत्तर लिही म्हणाली.

म्हटलं, आज नाही. उद्याही नाही. परवा.